जर्मनीतला आरोग्यविम्याचा हप्ता यंदा पुन्हा वाढला. जीकेव्हीतच (सार्वजनिक विम्यातच) राहायचं की बाहेर पडायचं?

नेकारकाठ

नमस्कार मंडळी,

क्रांकनकासेचं, म्हणजे माझ्या आरोग्यविमा संस्थेचं, दरवाढीचं पत्र डिसेंबरात आलं होतं. जानेवारीच्या पगारातून कापलेली रक्कम पाहिली आणि इथे विचारायचं ठरवलं.

आकडे आधी मांडते. मूळ दर १४.६ टक्के, तो बरीच वर्षं तेवढाच आहे. त्यावर प्रत्येक कासे आपापला त्सुझात्सबायट्राग, म्हणजे जादा टक्का लावते. त्याची सरकारने जाहीर केलेली सरासरी २०२४ मध्ये १.७ होती, २०२५ मध्ये २.५ आणि यंदा २०२६ साठी २.९. शिवाय ज्या पगारापर्यंत हप्ता कापतात ती मर्यादाही दरवर्षी वर सरकते. २०२४ मध्ये महिना ५,१७५ युरो, गेल्या वर्षी ५,५१२.५०, आता ५,८१२.५०. माझा पगार या मर्यादेच्या वर असल्याने दोन्ही बाजूंनी फटका बसतो. सरासरी दर धरला तर दोन वर्षांपूर्वी माझा वाटा महिना साधारण ४२२ युरो होता, आता साधारण ५०९ झाला. तेवढेच कंपनी भरते. फ्लेगेचे, म्हणजे शुश्रूषा विम्याचे पैसे वेगळे.

नवीन नोकरीत पगार वर्षाला ७७,४०० च्या वर आहे, त्यामुळे पीकेव्हीत (खाजगी विम्यात) जायची मला मुभा आहे. नवरा अजून जर्मन शिकतोय, नोकरी नाही. दोन मुलं आहेत. दोन्हीकडचे एजंट रोज फोन करतात. इतके पैसे भरूनही त्वचेच्या डॉक्टरची तारीख मिळाली ती जूनची, आणि याचा मला खरंच राग येतो.

तर प्रश्न असा: हप्ता का वाढतोय, अजून किती वाढेल, आणि माझ्यासारखीने काय करावं?

आलेपाक

वाचतेय. आमच्या घरीही याच विषयावर चर्चा चालू आहे.

म्युनिककर

सरळ सांगतो, पीकेव्हीत जा. मी ३१ वर्षांचा, एकटा, तब्येत ठीक. माझा वाटा जीकेव्हीत जेवढा गेला असता त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त जातो. तज्ज्ञाची तारीख त्याच आठवड्यात मिळते. दातांचं कव्हर चांगलं आहे. जिथे पगार वाढला की हप्ता वाढतो तिथे राहून तुमचा फायदा काय? माझा हप्ता माझ्या पगाराकडे बघत नाही.

जुनाजाणता

@म्युनिककर, ३१ व्या वर्षी एकट्या माणसाचं गणित असंच दिसतं. मी नव्वदच्या दशकापासून या देशात आहे. माझ्या बरोबरीच्या चार-पाच जणांनी तेव्हा हेच गणित मांडलं होतं. आज साठीच्या आसपास असलेल्या त्या मित्रांचे हप्ते काय आहेत ते विचारलंत तर तुमचं मत बदलेल.

हप्ता पगाराकडे बघत नाही, हे खरंच आहे. पण पगार थांबला तरीही तो बघत नाही. नोकरी गेली, पालकत्वाची रजा घेतली, अर्धवेळ काम घेतलं तरी रक्कम तीच. रजेच्या काळात कंपनीचा निम्मा वाटाही बंद होतो आणि पूर्ण हप्ता तुमच्या खिशातून जातो. खाजगी विम्याचे हप्तेही २०२५ आणि २०२६ मध्ये पुष्कळ लोकांसाठी दोन आकडी टक्क्यांनी वाढलेत. त्याच्या बातम्या जीकेव्हीइतक्या गाजत नाहीत, कारण तिथल्या प्रत्येकाला स्वतंत्र पत्र येतं.

आणि वयाची ५५ वर्षं उलटली की परत जीकेव्हीत यायचा रस्ता जवळपास बंद होतो. त्याआधी यायचं तर पगार मर्यादेखाली यावा लागतो. हे सगळं एजंट शेवटच्या पानावर सांगतो.

नेकारकाठ, तुमच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. नवरा आणि दोन मुलं जीकेव्हीत तुमच्याच हप्त्यात आहेत, वेगळा एक युरो नाही. पीकेव्हीत चार माणसं म्हणजे चार हप्ते.

ब्रेत्सेल

जुनाजाणता यांना +१. फ्लेगेतही मुलांचा फायदा आहे. एकूण दर ३.६ टक्के, २३ च्या पुढच्या निपुत्रिकांना ४.२. दुसऱ्या मुलापासून पाचव्यापर्यंत, प्रत्येक २५ वर्षांखालच्या मुलामागे ०.२५ टक्के सूट, ती पूर्ण आपल्या वाट्यातून वजा होते. मुलांचे जन्मदाखले एचआरकडे पोचलेत ना, ते एकदा बघा. आमच्याकडे दुसऱ्या मुलाची नोंद राहून गेली होती आणि सूट मिळत नव्हती. नंतर फरक परत मिळाला.

नेकारकाठ

@ब्रेत्सेल, हे माहीतच नव्हतं! उद्याच विचारते. धन्यवाद.

@जुनाजाणता, चार हप्त्यांचा मुद्दा पटला. पण मग वाढ का होतेय हे कुणी नीट सांगेल का? दोन वर्षांत माझा वाटा वीस टक्क्यांनी वाढला, पगार तेवढा वाढलेला नाही.

आकडेमोड

मी सांगायचा प्रयत्न करतो. थोडं लांबेल.

पहिलं कारण खर्च. २०२४ मध्ये कासेंचा दवाखान्यांवरचा, म्हणजे इस्पितळांवरचा खर्च पहिल्यांदाच १०० अब्ज युरोंच्या पुढे गेला. औषधांवर सुमारे ५५ अब्ज. त्या वर्षी सगळ्या कासेंना मिळून सहा अब्जांहून जास्त तोटा झाला. खर्च वाढण्याचा वेग पगारवाढीच्या वेगापेक्षा जास्त आहे. हप्ता पगारावर बसतो, त्यामुळे जो फरक उरतो तो दर वाढवूनच भरावा लागतो. दुसरा मार्ग कासेंच्या हातात नाही, त्यांना कर्ज काढायची परवानगी नाही.

दुसरं, वय. १९६४ हे जर्मनीतलं सर्वाधिक जन्मांचं वर्ष. त्या साली साडेतेरा लाखांहून जास्त मुलं जन्मली. ती पिढी आता पेन्शनीत जातेय. पेन्शनरही हप्ता भरतात, पण तो पेन्शनवर, आणि पेन्शन पगारापेक्षा कमी असते. औषधोपचार मात्र त्याच वयात वाढतात.

तिसरं कारण फारसं बोललं जात नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्याचाच त्रास होतो. कासेंकडे काही वर्षांपूर्वी चांगली गंगाजळी होती. कायदा करून २०२१ मध्ये त्यातले आठ अब्ज मध्यवर्ती आरोग्यनिधीत ओढून घेतले गेले, २०२२ च्या कायद्याने पुन्हा हात घातला. हप्ता स्थिर दिसावा म्हणून साठवण वापरली. साठवण संपली आणि आता नियमाप्रमाणे किमान राखीव रक्कम पुन्हा उभी करावी लागतेय. म्हणजे आजच्या जादा टक्क्यातला काही भाग आजच्या उपचारांसाठी नाहीच, तो रिकामी झालेली पेटी भरण्यासाठी आहे.

हापूस_हॅम्बुर्ग

आणि चौथं कारण म्हणजे जे लोक काम न करता सरकारी मदतीवर जगतात. त्यांचा हप्ता आपण भरतो. त्यात बाहेरून आलेले किती आहेत ते बघा.

सह्याद्रीवारा

@हापूस_हॅम्बुर्ग, बाहेरून आलेले तर आपणही आहोत. पंचविशी-तिशीत आलो, शिक्षणाचा खर्च महाराष्ट्रात झाला, आल्या महिन्यापासून पूर्ण हप्ता भरतोय आणि डॉक्टरकडे वर्षातून एकदा जातो. या व्यवस्थेला आपल्यासारख्यांनी तोटा नाही, आधार दिलाय.

आकडेमोड

@हापूस_हॅम्बुर्ग, तुमच्या म्हणण्यात एक भाग खरा आहे, पण दोष त्या लोकांचा नाही. अशी मदत घेणाऱ्यांचा हप्ता सरकारने भरायचा असतो. सरकार दर माणशी एक ठरावीक रक्कम देतं आणि ती प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाही. कासेंच्या महासंघाच्या हिशेबाने दरवर्षी सुमारे दहा अब्जांची तूट येते. ही तूट पगारदारांच्या हप्त्यातून भरली जाते. गरिबाचा उपचार करणं ही सगळ्या समाजाची जबाबदारी आहे, तेव्हा तो पैसा करातून यायला हवा. करात पीकेव्हीतले अधिकारी, घरमालक, भांडवलावर जगणारे सगळे येतात. हप्त्यात मात्र फक्त जीकेव्हीतला पगारदार येतो, तोही ५,८१२.५० पर्यंतच. २०२५ मध्ये कासेंनी याच मुद्द्यावर सरकारला कोर्टात खेचलंय.

राग धरायचा तर तो अर्थखात्यावर धरा. रांगेत आपल्या पुढे बसलेल्या माणसावर नको.

हापूस_हॅम्बुर्ग

दहा अब्जांचं माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. पण मग आरोग्यनिधीला केंद्र सरकार पैसे देतंच ना?

आकडेमोड

देतं, वर्षाला १४.५ अब्ज. ती रक्कम गेली काही वर्षं तेवढीच आहे, खर्च मात्र वाढत गेला. मोफत कुटुंबविमा, मातृत्वाचे लाभ, अशा सामाजिक कामांसाठी ती दिली जाते आणि ती त्या कामांना पुरत नाही.

मुक्तछंद

तुम्ही सगळे निम्म्या वाट्याबद्दल बोलताय. मी स्वतंत्र व्यवसाय करते, भाषांतराचा. दोन्ही वाटे माझेच. मर्यादेपर्यंत उत्पन्न गेलं तर आजारभत्त्याशिवायचा दर धरूनही आरोग्य आणि फ्लेगे मिळून महिना १,२०० युरोंच्या आसपास जातात. बँकेतलं व्याज आणि भाडंसुद्धा मोजतात. वाईट वर्ष आलं तरी किमान उत्पन्न गृहीत धरून हप्ता लावतातच. आणि सुरुवातीला कामचलाऊ आकडा लावून नंतर कर-निर्धारण आलं की फरकाचं बिल येतं. गेल्या वर्षी असं बिल आलं तेव्हा सुट्टीचा बेत रद्द करावा लागला.

तरीही मी जीकेव्हीतच आहे. मला थायरॉइडचा जुना त्रास आहे. खाजगी विमा मला एकतर जास्त दर लावेल किंवा तेवढा आजार वगळेल. इथे कुणी मला आजाराबद्दल विचारलंही नाही.

शेवंती

हे वाचून लिहावंसं वाटलं. आमची मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. नवजात अतिदक्षता विभागात ती बरेच आठवडे होती. श्वासाचं यंत्र, रक्त, एक छोटी शस्त्रक्रिया. त्या काळात आम्ही फक्त तिच्याजवळ बसायचो. कुणीही आमच्याकडे पैशाचा विषय काढला नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना दवाखान्याचा रोजचा १० युरोचा भारही नसतो. मोठ्यांनाही तो वर्षाला २८ दिवसांपुरताच असतो. नंतर घरी आल्यावर नर्स येऊन बघायची, तेही विम्यातून.

त्याच सुमारास माझ्या चुलत बहिणीच्या बाळाला नागपुरात एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. रोज सकाळी काउंटरवर पैसे भरल्याशिवाय पुढचं काही होत नव्हतं. तिच्या नवऱ्याने ऑफिसातल्या लोकांकडून उसने घेतले.

मला हप्ता वाढल्याचा आनंद नाही. पण स्लिपवरचा तो आकडा बघून मला माझी मुलगी आठवते, आणि मी भरते.

आलेपाक

शेवंती, मुलगी आता कशी आहे?

शेवंती

मस्त! किंडरगार्टनमध्ये जाते, धाकट्या भावाला रडवते. :)

कोलोनचा_किल्लेदार

शेवंतीताई, मुलीला खूप आशीर्वाद. पण मला वेगळं म्हणायचंय. उपचार चांगले होतात म्हणून प्रत्येक वाढ मुकाट्याने मान्य करायची का? चांगल्या व्यवस्थेवर प्रेम असेल तर तिच्यातली उधळपट्टी जास्त टोचायला हवी.

दोनच उदाहरणं देतो. औषधांवर इथे पूर्ण १९ टक्के मूल्यवर्धित कर आहे. फुलांच्या गुच्छावर ७ टक्के. म्हणजे कासे औषध विकत घेते तेव्हा आपल्या हप्त्यातला एक भाग सरळ तिजोरीत परत जातो. हा कर खाली आणला तर काही अब्ज वाचतील. दुसरं म्हणजे नवीन औषधांची किंमत. बाजारात आल्यावर पहिले सहा महिने कंपनी स्वतः ठरवेल तो भाव. वाटाघाटीतून ठरलेला भाव सातव्या महिन्यापासून लागतो. पूर्वी तर अख्खं एक वर्ष मोकळं रान होतं.

म्युनिककर

@कोलोनचा_किल्लेदार, नवीन औषधं इथे आधी मिळतात ती त्या मोकळ्या किमतीमुळेच, हेही लक्षात घ्या. शेजारच्या देशांत तीच औषधं यायला बरेच महिने लागतात. कॅन्सरच्या रुग्णाला त्या महिन्यांचं मोल असतं.

कोलोनचा_किल्लेदार

हा मुद्दा योग्य आहे. कराबद्दल काय म्हणता?

म्युनिककर

कराबद्दल शंभर टक्के सहमत.

रातपाळी

मी बर्लिनमध्ये इस्पितळात नर्स आहे. इस्पितळांचा खर्च वाढला असं वर आलं, त्यातला काही भाग म्हणजे आमचे पगार. २०२० पासून वॉर्डातल्या नर्सिंगचा खर्च आजारवार ठरावीक दरातून बाहेर काढला आणि प्रत्यक्ष जेवढा होतो तेवढा द्यायला सुरुवात झाली. त्याआधी इस्पितळं पैसे वाचवायला सगळ्यात आधी नर्सेस कमी करायची. मी जुन्या पद्धतीत काम केलेल्या सहकाऱ्यांकडून ऐकलंय, एका रात्री तीसेक रुग्ण आणि एक नर्स. आता परिस्थिती सुधारलीय. हप्ता वाढला त्यातले थोडे पैसे या सुधारणेला लागलेत, आणि ते योग्य जागी लागलेत असं मला मनापासून वाटतं.

वाया कुठे जातं तेही सांगते. एकाच शहरात चार इस्पितळं तीच गुडघ्याची शस्त्रक्रिया करतात, प्रत्येकाकडे वेगळी टीम, वेगळी यंत्रं, अर्धवट भरलेले वॉर्ड. म्हणून ती मोठी इस्पितळ-सुधारणा आणलीय. ती होईपर्यंत दुहेरी खर्च चालूच राहणार. गावातलं इस्पितळ बंद होतं म्हटलं की लोक रस्त्यावर येतात, आणि म्हाताऱ्या माणसांची भीती मी समजू शकते. पण स्ट्रोकचा रुग्ण छोट्या इस्पितळात नेला आणि तिथे रात्री तज्ज्ञच नसला तर काय होतं तेही मी पाहिलंय.

टोकियोतला_मी

थोडं अवांतर. जपानमध्येही हप्ता पगारावरच असतो आणि कंपनी निम्मा भरते. आमच्या ७० वर्षांखालच्या प्रौढांना मात्र प्रत्येक उपचाराच्या ३० टक्के स्वतः द्यावे लागतात. वर महिन्याची कमाल मर्यादा आहे, ती ओलांडली की बाकीचं विमा देतो. त्यामुळे किरकोळ कारणासाठी जाताना माणूस थोडा विचार करतो. जर्मनीत असं काही का नाही?

जुनाजाणता

होतं. २००४ पासून दर तिमाहीला पहिल्या भेटीसाठी १० युरो घ्यायचे, २०१२ च्या अखेरीस बंद केलं. गर्दी फारशी कमी झाली नाही आणि डॉक्टरांच्या काउंटरवर नोटा मोजायचं काम मात्र वाढलं. खरोखर गरीब माणूस तेवढा यायचा थांबला. आता औषधांवर १० टक्के, किमान ५ आणि कमाल १० युरो असा भार आहे. सगळा भार मिळून वर्षाच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या वर गेला तर सूट मागता येते, जुनाट आजार असेल तर १ टक्क्याच्या वर. पावत्या जपून ठेवा, पुष्कळ लोक ही सूट मागतच नाहीत.

लीड्सची_लेक

युकेतून. आम्हाला व्हिसाबरोबरच एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. आधी ६२४ होता. तोही सगळ्या वर्षांचा एकदम, आणि नोकरीतून करही वेगळा कापला जातोच. चार जणांच्या कुटुंबाला पाच वर्षांचे पैसे आगाऊ भरताना आम्ही कर्ज काढलं. तुमच्याकडे निदान महिन्याच्या महिन्याला कापतात.

सदाशिवपेठी

पुण्यातून एक बाजू मांडतो. आई ७४, वडील ७९. खाजगी विमा आहे. इथे पगार कुणी बघत नाही, वय बघतात. मधली काही वर्षं दर नूतनीकरणाला हप्ता उडी मारायचा. २०२५ च्या जानेवारीत विमा नियामकाने ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ परवानगीशिवाय करायची नाही असं बजावलं, आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. त्याने खरोखर श्वास घेता आला. पण वडिलांना पेन्शन एवढीशी आणि हप्ता त्यांच्या वयाचा. कमाई संपल्यावर हप्ता वाढतो, ही आमच्याकडची अडचण. तुमच्याकडे निदान कमाईच्या प्रमाणात तरी आहे.

म्युनिककर

@सदाशिवपेठी, हे वाचून विचारात पडलो.

कोथरूडची_कन्या

आईबाबांचा विषय निघालाच आहे तर विचारते: त्यांना जर्मनीत आणलं तर कुटुंबविम्यात घेता येतं का?

जुनाजाणता

नाही. नवरा-बायको आणि मुलं एवढेच. मुलं १८ पर्यंत, कमावत नसतील तर २३ पर्यंत, शिकत असतील तर २५ पर्यंत. आईवडिलांना घेता येत नाही. भेटीला येताना प्रवासविमा, शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं. आधीपासूनचे आजार त्यात बहुतेक वेळा वगळलेले असतात, अटी नीट वाचा. मधुमेह, हृदयविकार असेल तर औषधं तिकडूनच पूर्ण मुक्कामाची आणायला सांगा.

गाढी_वही

मी एक मत मांडते, काहींना आवडणार नाही. पगारमर्यादा ५,८१२.५० लाच का थांबते? पेन्शनविम्याची मर्यादा यंदा महिना ८,४५० आहे. आरोग्यविम्याचीही तेवढी करा, आणि सरकारी अधिकाऱ्यांसकट सगळ्यांना एकाच विम्यात आणा. मग दर सगळ्यांसाठी खाली येईल. आज महिना ४,००० कमावणारा आपल्या पूर्ण पगारावर टक्का भरतो आणि १०,००० कमावणारा साधारण ५८ टक्क्यांवर. याला एकमेकांचा आधार कसं म्हणायचं?

म्युनिककर

मर्यादा ८,४५० केली तर आमच्या कंपनीतले वरिष्ठ इंजिनिअर उद्याच पीकेव्हीत जातील. पीकेव्हीतली दारं आधी बंद करावी लागतील, आणि तिथे ज्यांनी म्हातारपणासाठी वर्षानुवर्षं राखीव निधी साठवलाय त्यांचं काय करायचं ते ठरवावं लागेल. कोर्टात पंधरा वर्षं जातील.

गाढी_वही

जाऊ देत. १८८३ चा बिस्मार्कचा कायदाही पहिल्याच दिवशी सगळ्यांना लागू नव्हता. कारखान्यातल्या कामगारांपासून सुरू झाला आणि आज लोकसंख्येच्या जवळपास नव्वद टक्के त्यात आहेत.

सह्याद्रीवारा

गाढी_वही यांना माझा पाठिंबा, आणि मी मर्यादेच्या वर कमावतो, म्हणजे माझाच हप्ता वाढेल. आपल्याकडे बरेच जण या विम्याकडे भिशीसारखं बघतात, आपला नंबर कधी लागणार म्हणून. माझा नंबर कधीच लागू नये अशीच माझी इच्छा आहे.

व्यवस्थापक

कृपया पक्षांच्या नावांवर चर्चा नेऊ नका. त्या दिशेचे दोन प्रतिसाद काढले आहेत. बाकी चर्चा छान चालू आहे.

ब्रेत्सेल

मूळ प्रश्नाकडे येते. नेकारकाठ, पीकेव्ही आणि जीकेव्ही एवढेच दोन पर्याय नाहीत. जीकेव्हीतच कासे बदलता येते. सेवांपैकी बहुतेक सगळ्या कायद्यानेच ठरलेल्या आहेत, सगळीकडे सारख्या. फरक पडतो तो दात साफ करायच्या अनुदानात, प्रवासाच्या लसींत, बोनसमध्ये आणि फोन उचलण्यात. जादा टक्क्यात मात्र कासेंमध्ये एका टक्क्याहून जास्त फरक सापडतो. ५,८१२.५० वर एक टक्का म्हणजे ५८ युरो, त्यातले निम्मे तुमचे. वर्षाला साडेतीनशे झाले.

दर वाढला की खास मुभा असते, त्याच कासेत बारा महिने राहायची अट लागत नाही. १ जानेवारीला वाढ झाली असेल तर ३१ जानेवारीपर्यंत नवीन कासेकडे अर्ज करायचा. जुन्या कासेला ती कळवते. दोन महिन्यांची मुदत धरून १ एप्रिलपासून बदल होतो, तोपर्यंत जुना वाढीव दर चालू राहतो. नवीन कासे तुम्हाला नाकारू शकत नाही. आजार विचारत नाहीत.

मुक्तछंद

फक्त सगळ्यात स्वस्त बघून जाऊ नका. मी तसं केलं होतं. पुढच्या वर्षी तिनेही दर वाढवला. दोन-तीन वर्षांचे दर बघा आणि हाउसआर्ट्स्टच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) रिसेप्शनवर विचारा, कुठल्या कासेशी त्यांचं काम सुरळीत चालतं. त्यांना सगळं माहीत असतं.

रातपाळी

आणि तज्ज्ञाच्या तारखेसाठी ११६११७ वर फोन करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर जा. हाउसआर्ट्स्टने चिठ्ठीवर 'तातडीचं' असा कोड दिला असेल तर चार आठवड्यांच्या आतली तारीख शोधून देणं त्यांचं काम आहे. डॉक्टर तुमच्या पसंतीचा नसेल, थोडं लांब जावं लागेल. पण जूनपर्यंत थांबू नका, विशेषतः तीळ वगैरे बदलला असेल तर.

नेकारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

घरी बसून हिशेब केला. पीकेव्हीत जात नाही, हे नक्की. एजंटने माझा एकटीचाच दर पाठवला होता. चौघांचा मागितल्यावर जो आकडा आला तो आत्ताच्या माझ्या हप्त्याच्या बराच वर होता. कंपनीचा वाटा धरूनही परवडत नाही. शेवंतीताईंचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं.

हप्त्याबद्दलचा राग अजून आहे, पण तो कुठे न्यायचा ते आता कळलं. आमच्या मतदारसंघाच्या खासदाराला त्या दहा अब्जांबद्दल आणि औषधांवरच्या १९ टक्क्यांबद्दल पत्र लिहितेय. मला इथे मत देता येत नाही, हप्ता मात्र मी भरते, तेव्हा विचारायचा हक्क आहे.

११६११७ वरून फेब्रुवारीची तारीख मिळाली! एस्लिंगेनला जावं लागेल, चालेल.

कासे बदलायचा विचार आहे. एकच अडचण: नवऱ्याच्या दाताच्या ब्रिजचा खर्च जुन्या कासेने मंजूर केलाय, काम अजून सुरू झालेलं नाही. बदलल्यावर ती मंजुरी चालते का?

ब्रेत्सेल

नाही चालत. नवीन कासेकडून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. रकमेत सहसा फरक पडत नाही, कारण मूळ अनुदान सगळीकडे सारखंच. बोनसची वही किंवा दंतवैद्याचे जुने शिक्के असतील तर तेवढे जपून न्या. पाच वर्षं सलग तपासणी केली असेल तर अनुदान ६० वरून ७० टक्के होतं, दहा वर्षांनी ७५. किंवा सोपं म्हणजे एप्रिलच्या आत ब्रिज बसवून घ्या आणि अर्ज आजच करा.

नेकारकाठ

दंतवैद्याला सकाळीच फोन करते. ३१ तारीख शनिवारी येतेय, म्हणून अर्ज आज रात्री ऑनलाइन भरून टाकते.